ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

डोंगरवाट (धागाकर्ती)

दिवाळीला मावशीकडे गेले होते. अकोले तालुक्यात, रस्ता संपल्यावर पुढे अर्धा तास चालायचं, असं गाव. मावशीचं वय 58. पाऊण एकर भात आणि दोन शेळ्या. यजमान 2009 साली गेले. एका सरकारी योजनेचे थोडे पैसे दर महिन्याला तिच्या खात्यात येतात आणि त्यावर तिचं मीठ-मिरची, गोळ्या-औषधं चालतात. तर त्या योजनेसाठी ऑनलाइन केवायसी करायची होती. "तू पुण्याची, तुला येतंय समदं," म्हणून तिने दोन महिने माझी वाट बघितली होती.

घरात नेटवर्क नाही. गावाच्या वर एक उंबर आहे, त्याच्याखाली दोन काड्या येतात. दिवसा साइट उघडतच नव्हती, म्हणून रात्री जेवणं उरकून आम्ही बॅटरी घेऊन वर गेलो. मावशीने आधार कार्ड चहापावडरच्या रिकाम्या पुडीत, वर रबर लावून कमरेला खोचलेलं. उंबराखाली आमच्याआधीच चार बायका आणि एक कॉलेजचा पोरगा बसलेला. पोरगा त्या चौघींचं करून देत होता.

पहिला अडथळा वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचा, म्हणजे कॅप्चा. तो मी भरला. मग ओटीपी. तो गेला आधारला जोडलेल्या नंबरवर. गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं तेव्हा धाकट्या मुलाने स्वतःचा नंबर देऊन टाकला होता. ते सिम बंद होऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आता तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे असणार. मावशी मला विचारते, "मंग त्याच्याकडं गेला आसंल का आपला नंबर? त्यो सांगंल का आपल्याला?"

मी शेजारच्या बाईच्या फोनवर बघून पुढचा फॉर्म समजून घेतला. पुढे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता आणि त्यांच्याही मोबाइलवर ओटीपी. मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्ये गेले तवा आधार निघालंबी नव्हतं गं. त्यांचं कुठून आणू?"

आम्ही खाली आलो. मला रात्रभर झोप लागली नाही. मी रोज फोनवरून भाजी मागवते, लाइटबिल भरते, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट बघते. त्याच फोनवर, त्याच माझ्या बोटांनी, मला मावशीचं एक काम करता आलं नाही.

मला हा धागा नुसत्या चिडचिडीसाठी काढायचा नाही. तुमच्या भागात काय चालतं, कुठे अडतं, कुणी काय मार्ग काढला, ते कृपया लिहा. एखादं काम फक्त ऑनलाइनच होईल असं ठरतं, तेव्हा ज्याला ते जमत नाही त्याने जायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न आहे.

---

अनिकेत_पी

मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण एक वेगळी बाजू मांडतो. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की आमच्या लातूरकडच्या गावात आज फोन नाही असं घर सापडणं कठीण. दहा वर्षांपूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे चार चकरा व्हायच्या, आज उतारा घरबसल्या निघतो. रांगा गेल्या, चिरीमिरी कमी झाली. अडचणी आहेत, पण त्या हळूहळू सुटतील. जुन्या पद्धतीत गरिबाला मान होता असंही नाही.

---

डोंगरवाट

अनिकेत, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. मावशीनेही तहसीलच्या पायऱ्यांवर दिवस काढलेत. जुनं परत आणा असं मी म्हणत नाहीये.

पण 'घरात फोन आहे' आणि 'तिच्याकडे फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बायकांना विचारलं होतं की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. देशभरात 53.9 टक्के जणी हो म्हणाल्या. आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलंय अशा बायका 33.3 टक्के, पुरुष 57.1 टक्के. खेड्यातल्या बायकांचं प्रमाण चारांत एक एवढंच. आता आकडे वाढले असतील, पण उंबराखाली बसलेल्या चारही जणींच्या हातात जो फोन होता तो नवऱ्याचा किंवा मुलाचा होता हे मी डोळ्यांनी बघितलं. त्यातली एक लवकर आटप म्हणून त्या पोराच्या मागे लागली होती, कारण नवऱ्याला फोन परत हवा होता.

---

केंद्रचालक_धारणी

मी मेळघाटात सेवा केंद्र चालवतो, आठ वर्षं झाली. ताईंनी विचारलंय त्याने जायचं कुठे, तर तो माझ्याकडे येतो. म्हणून दुकानाच्या आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे बहुतेक लोक कोरकू बोलणारे. साइट इंग्रजीत असते, फार तर मराठीत. आपल्याला मराठी म्हणजे आपली भाषा, पण पन्नाशीच्या कोरकू बाईला मराठी फॉर्मही परकाच. मी वाचतो, मी विचारतो, मी भरतो, मी 'सहमत आहे' वर टिचकी मारतो. कशाला सहमत, ते तिला कधी कळत नाही. सांगायला बसलो तर बाहेरच्या वीस जणांची शेवटची एसटी चुकते.

बोटांच्या ठशांचं म्हणाल तर बांबू तोडणाऱ्याच्या, माती खणणाऱ्याच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत. मी ओलं फडकं ठेवलंय. आधी बोट पुसायचं, मग जरा खोबरेल चोळायचं, परत पुसायचं, मग मशीनवर. पाच-सहा वेळा करून एखाद्याचं लागतं. नाही लागलं की माणूस स्वतःच्या बोटाकडे असा बघतो जसा त्याचाच काही गुन्हा आहे. हे मला अजून सहन होत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी कधी कुठे लिहिली नाही. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात लोकांचे युजरनेम, पासवर्ड, खाते क्रमांक लिहिलेत. त्यांनीच लिहून ठेवायला सांगितलं, कारण घरी कागद भिजतो, हरवतो. मी ती रोज कुलपात ठेवतो. मी कुणाचा रुपया घेतला नाही, ठरलेला दर भिंतीवर लावलाय. पण उद्या माझ्या जागी दुसरा कुणी बसला तर? अख्ख्या पंचक्रोशीची तिजोरी एका वहीत, एका माणसाच्या नियतीवर. रात्री कुलूप लावताना दर वेळी हे मनात येतं.

---

वारणाकाठ

केंद्रचालक, तुमची वही वाचून आमचे दिवस आठवले.

1998 साली आमच्या वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं, गावोगाव संगणकाचं केंद्र, सगळी वारणानगरच्या साखर कारखान्याच्या सहकारी जाळ्याला जोडलेली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह असा तिघांचा पैसा. त्या काळी तालुक्याच्या कॉलेजातही संगणक कुलपात असायचा, तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीत तो टेबलावर होता! मी नववीत होतो. नुसता बघायला जायचो.

त्यात शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, नोकरीच्या जाहिराती असं बरंच काही द्यायचं योजलं होतं. प्रत्यक्षात लोकांनी वापरलं काय? माझे वडील जायचे ते तीन गोष्टींसाठी: तोडणी कधी, वजन किती भरलं, बिल किती निघालं. खताची नोंदही तिथेच व्हायची. आधी यासाठी वारणानगरला जावं लागे, दिवस मोडायचा. बाकीच्या गोष्टींना फारसं कुणी हात लावला नाही.

पुढे संगणक जुने झाले, दुरुस्तीला पैसा नाही, विजेचा खेळखंडोबा. मग 2007 च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी काही गावांत उलटा प्रयोग केला. संगणक काढून त्याच जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकऱ्याने मेसेज पाठवायचा, उत्तर मेसेजनेच यायचं. वजन, बिल, सगळं. स्वस्त पडलं आणि लोकांना आवडलंही, कारण केंद्र कधी उघडेल याची वाट बघायला नको.

पंचवीस वर्षांनंतर मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. ते चाललं ते यंत्र भारी होतं म्हणून नव्हे. माणसाला रोज लागणारी तीन उत्तरं त्याच्या हातातल्या साध्या वस्तूवर मिळाली म्हणून चाललं. आता सगळी ॲपं स्मार्टफोनच धरून चालतात. साध्या बटणांच्या फोनवाल्याला जणू कुणी मोजतच नाही.

---

नैरोबीकर

वारणाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून केनियाचं सांगतो. मी इथे अकरा वर्षं आहे, हिशेबनीस म्हणून.

इथे 2007 च्या मार्चमध्ये सफारीकॉम कंपनीने फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा सुरू केलं. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच, स्वाहिलीत तो हिंदी महासागर ओलांडून गेलाय. ते चालतं सिमकार्डातल्या मेनूवर. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई दर शनिवारी किसुमूजवळच्या गावी आईला पैसे पाठवतात. फोन बटणांचा, काच तडकलेली. आईचा फोन त्याहून जुना. आई गावातल्या किराणा दुकानात जाते, तिथे एजंट असतो, तो नोटा मोजून देतो. फोन आणि माणूस अशी ती जोडी आहे. नुसता फोन असता तर मला नाही वाटत चाललं असतं.

दर व्यवहाराला शुल्क लागतं आणि गरिबाला ते टोचतं, हेही खरं. पण रचना करतानाच सगळ्यात साधा फोन डोळ्यासमोर होता.

भारतातही इंटरनेटशिवाय साध्या फोनवरून बँकेचे व्यवहार करायचं *99# होतंच, आणि 2022 च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय 123पे' आणलं. तुमच्यापैकी कुणी गावात ते वापरताना बघितलंय का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

केंद्रचालक_धारणी

@नैरोबीकर, माझ्या केंद्रावर आजवर एकानेही विचारलं नाही. मी स्वतः दोघा-तिघांना दाखवलं. 'फोनवर पैशाचं बोलायचं नाही, फसवतात' असं त्यांना त्यांच्याच पोरांनी बजावलंय. तेही चूक नाही, गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याची कापसाची सगळी रक्कम एका फोनवर गेली.

---

गुरुजी_सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. डोंगरवाट यांच्या मावशींचं 'आधार निघालंबी नव्हतं' हे वाक्य वाचून थबकलो. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात दिला गेला, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 ला. मावशींचे यजमान त्याच्या आदल्याच वर्षी गेले. फॉर्म बनवणाऱ्याच्या मनात हा हिशेबच आला नाही.

मी 2020 चं सांगतो. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं ठरलं. माझ्या वर्गात 41 मुलं. मी पाड्यापाड्यांवर फिरून मोजलं, घरात स्मार्टफोन असलेली मुलं सात. त्यातल्या चौघांचे वडील फोन घेऊन गुजरातला कामाला. राहिले तीन. आणि त्या तिघांपैकी एकाला अभ्यासाचा व्हिडिओ उघडायला तासभर चढून टेकडीवर जावं लागे. तेव्हा सरकारचे ताजे आकडे उपलब्ध होते ते 2017-18 च्या नमुना पाहणीचे: ग्रामीण भारतात संगणक असलेली घरं 4.4 टक्के, शहरात 23.4 टक्के. इंटरनेटची सोय असलेली ग्रामीण घरं 14.9 टक्के, शहरी 42 टक्के. देशाचं हे चित्र, सातपुड्याचं तुम्हीच समजा.

मग मी मोटारसायकलला फळा बांधला. सोमवारी एक पाडा, मंगळवारी दुसरा. महूच्या झाडाखाली मुलं अंतर ठेवून बसायची. आठवड्याला एका मुलाच्या वाट्याला दीड-दोन तास. शहरात माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा रोज चार तास लॅपटॉपसमोर होता.

एका घरात भाऊ सातवीत, बहीण पाचवीत, फोन एक. भाऊ बघायचा, बहीण त्याच्या पाठीमागून डोकावायची. मी गेलो की ती मला पुढचा धडा स्वतःहून म्हणून दाखवायची. भावाच्या इयत्तेचा. पुढच्या वर्षी तिचं नाव पटावर होतं, पण ती लहान भावंडं सांभाळत होती. तिला परत वर्गात आणायला मला आठ महिने लागले. आता ती दहावीला आहे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण जी परत आली नाहीत त्यांचं लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

---

अनिकेत_पी

गुरुजी, नमस्कार करतो तुम्हाला. माझा आधीचा प्रतिसाद लातूर शहराजवळच्या, रस्त्यावरच्या गावावरून होता हे आता जाणवतंय.

लसीकरणाच्या वेळचं मात्र मलाही आठवतं. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्या लोकांना कोविनवर नोंदणी सक्तीची होती आणि सुरुवातीला ते पोर्टल इंग्रजीतच होतं. आम्ही ऑफिसातली मुलं लॅपटॉप, मोबाइल दोन्ही उघडून बसायचो आणि जवळच्या खेड्यातल्या आरोग्य केंद्रातल्या जागा अर्ध्या मिनिटात धरायचो. गाडी घेऊन जायचो, लस घेऊन यायचो. तिथल्या ओट्यावर गावचे लोक बसलेले असायचे, ते आमच्याकडे बघायचे. तेव्हा मला वाटलं होतं गर्दी बघतायत. ती जागा त्यांची होती हे आज कळतंय.

---

सुमेधा_क

अनिकेतच्या मुद्द्यात भर: त्याच महिन्यात, 31 मे 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नेमकं हेच विचारलं होतं, की ज्यांच्याकडे फोन-इंटरनेट नाही त्यांनी लस कशी घ्यायची. जूनमध्ये पोर्टलवर मराठीसह इतर भाषा आल्या आणि थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची सोयही सगळ्यांसाठी झाली. म्हणजे दुसरा दरवाजा उघडता येत होता. उघडायचं ठरवलं तेव्हा काही आठवड्यांत उघडला.

मी असे फॉर्म बनवणाऱ्यांपैकीच एक आहे. सरकारी नाही, पण काम तेच. आम्ही चाचणी कुठे घेतो? ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर, दुपारी. मजकूर आधी इंग्रजीत लिहितो, भाषांतर शेवटच्या आठवड्यात. 'ही माहिती अनिवार्य' असा लाल तारा लावायला एक क्षण लागतो. तो तारा लावताना जिचा नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत अशी बाई आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यासमोर नसते. डोंगरवाट, तुमच्या मावशींना त्या उंबराखाली गप्प बसवणारा असाच एक लाल तारा होता.

नावांचाही घोळ मोठा आहे. कागदावर 'कमल', आधारवर 'कमळ', बँकेत 'कमलबाई'. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं. यंत्राच्या लेखी त्या तीन बायका. तलाठ्याला बघताच कळतं की ही एकच आहे.

---

ऐकतो_म्हणून

मी जन्मापासून अंध आहे. फोन मला वाचून दाखवतो, मराठीसुद्धा बरी वाचतो. माझ्यासाठी हे तंत्रज्ञान म्हणजे डोळे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रासाठी मला कुणाची तरी मनधरणी करावी लागायची, आज मी सकाळी सहाला स्वतः ऐकतो. म्हणून मी तंत्रज्ञानाच्या विरोधात कधीच बोलणार नाही.

पण एक बँकेचं ॲप उघडलं की माझा फोन म्हणतो, "बटण. बटण. बटण. नाव नसलेलं बटण." बनवणाऱ्याने त्या बटणांना नावंच दिलेली नाहीत. मग कॅप्चाचं चित्र. मग 'चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा.' चौकट कुठे आहे? मी शेजारच्या मुलाला हाक मारतो आणि माझी शिल्लक त्याला कळते.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिलाय. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी दाद मागितली होती. डोळे मिचकवता येत नाहीत म्हणून केवायसी नाकारली जात होती. डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सगळ्यांना करता यावी यासाठी वीस निर्देश दिले. कृपया सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. कुणी खिडकीवर 'सिस्टिम घेत नाही' म्हणालं तर या निकालाचं नाव घ्या. मी घेतो. दोनदा उपयोग झालाय.

---

वारणाकाठ

@ऐकतो_म्हणून, निकालाची माहिती आमच्या गावच्या गटावर टाकतो. धन्यवाद.

---

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. केंद्रचालक, तुम्ही वहीबद्दल लिहिलंत त्यासाठी विशेष. सुमेधा, लाल ताऱ्याचं वाचल्यावर मी मावशीला फोन करून सांगितलं की तुझं काही चुकलं नव्हतं.

मावशीचं पुढे काय झालं ते सांगते. मधल्या काळात कळलं की नवरा आणि वडील दोघंही नसलेल्या बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्यायचा, अशी सोय झाली आहे. मी सुट्टी काढून परत गेले. आधी तालुक्याला आधार केंद्रावर नेऊन तिचा मोबाइल नंबर बदलला. आता तिचा स्वतःचा बटणांचा फोन आहे, ओटीपी त्याच्यावर येतो आणि तिला आकडे वाचता येतात. सहाही आकडे एकेक करून, मोठ्याने. यजमानांचा दाखला ग्रामपंचायतीतून काढायला दोन दिवस गेले, कारण जुनं रजिस्टर पेटीत तळाला होतं.

अंगणवाडीताईंनी कागद घेतले, पण पोच द्यायची काही पद्धत नव्हती. मावशी हलेना. "मला लिहून द्या," म्हणाली. ताईंनी मुलांच्या हजेरीच्या वहीतलं मागचं पान फाडलं, त्यावर काय काय कागद मिळाले ते लिहिलं, तारीख घातली, सही केली. मावशीने ते पान चार घड्या घालून चहापावडरच्या पुडीत आधारच्या शेजारी ठेवलं आणि रबर लावलं.

हप्ता अजून आलेला नाही. आला की इथे लिहीन.